हाऊ बंधू: वॉशिंग्टनला मुद्दाम सोडलं, की पकडताच आलं नाही?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. सध्या लेकीकडे लंडनला मुक्काम आहे. परवा वेस्टमिन्स्टर ॲबे बघायला गेलो. तिथे मेलेल्यांची इतकी दाटी आहे की जिवंत माणसाने पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. न्यूटन, डार्विन वगैरे मोठ्या मंडळींना नमस्कार करून झाला, गुडघे बोलायला लागले, म्हणून बाजूला जरा टेकलो. समोर एक संगमरवरी स्मारक. वर शोक करत बसलेली बाई, खाली लेख. लेख वाचला आणि चक्रावलो. हे स्मारक इंग्लंडच्या राजाने उभारलेलं नाही, घरच्यांनी नाही. उभारलंय अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे प्रांताने. ती बाई म्हणजे मॅसॅच्युसेट्सच.

ज्याच्यासाठी उभारलं तो जॉर्ज ऑगस्टस, लॉर्ड व्हायकाउंट हाऊ. ६ जुलै १७५८ ला टिकॉन्डेरोगाच्या (अमेरिकेतला तेव्हाचा फ्रेंच किल्ला) वाटेवर फ्रेंचांशी झालेल्या चकमकीत पडला. पुढच्या वर्षी प्रांताच्या विधिमंडळाने २५० पौंड मंजूर केले.

घरी येऊन शोधलं, तर पुढची गोष्ट याहून चमत्कारिक. याचा धाकटा भाऊ विल्यम हाऊ, १७ जून १७७५ ला त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, बंकर हिलवर, त्याच लोकांवर चालून गेला. पुढच्या वर्षापर्यंत तो अमेरिकेतल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती, आणि मधला भाऊ रिचर्ड तिथल्या आरमाराचा प्रमुख. दोन सख्खे भाऊ, एक जमिनीवर, एक पाण्यावर, आणि समोर जॉर्ज वॉशिंग्टनची अर्धवट शिकलेली फौज. तरी हरले.

माझा प्रश्न सरळ आहे. थोरल्या भावाचं स्मारक ज्यांनी उभारलं त्यांच्यावर यांचा हात उठला नाही, असं काही झालं असेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिवडावाला
आडनाव 'हाव' आणि वॉशिंग्टनला धरायची हावच नाही. नावात काय आहे म्हणतात ते हेच.

(पहिला प्रतिसाद माझा. आता जाणकार येऊ देत.)

मीच ती
वाखुसा (वाचनखूण साठवली). चहा घेऊन बसले आहे.

उंटावरचा शहाणा
चांगला विषय. आधी घराणं समजून घ्या, नाहीतर 'उमराव म्हणजे श्रीमंत' एवढ्यावरच गाडी अडेल.

हाऊ हे नॉटिंगहॅमशरमधल्या लँगर गावचे. किताब आयर्लंडचा. याचा फायदा असा की आयरिश व्हायकाउंट असल्यामुळे उमरावांच्या सभागृहात जागा नाही, पण कॉमन्सची निवडणूक लढवता येते. तिघेही भाऊ खासदार होते! वडील बार्बाडोसचे गव्हर्नर, तिथेच १७३५ साली वारले. थोरला जॉर्ज तेव्हा दहाएक वर्षांचा, रिचर्ड नऊचा, विल्यम पाचाचा.

खरी ताकद आईकडून. शार्लट ही जॉर्ज पहिला याच्या सावत्र बहिणीची मुलगी. ती सावत्र बहीण लग्नाबाहेरची होती, त्यामुळे दरबारात नातं सगळ्यांना माहीत, पण मोठ्याने कोणी बोलायचं नाही. थोडक्यात राजवाड्याचं मागचं दार या मुलांना कायम उघडं.

आणि आता मुद्दा. १७५८ मध्ये जॉर्ज मेला तेव्हा तो नॉटिंगहॅमचा खासदार होता. आईने काय करावं? नॉटिंगहॅमच्या मतदारांना जाहीर आवाहन केलं, की माझा एक मुलगा देशासाठी गेला, त्याच्या जागी दुसऱ्याला निवडा. विल्यम निवडून आला आणि १७८० पर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली. सहानुभूतीची लाट हा आपला शोध नाही हो.

चिवडावाला
म्हणजे पोटनिवडणुकीत घरच्यालाच तिकीट. फक्त बॅनरवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं राहिलं.

बॉस्टनकर
धागाकर्त्यांनी माझ्या गावावर हात घातलाय म्हणून लिहितोय. बंकर हिलचा तो दगडी मनोरा मी रोज ट्रेनमधून बघतो.

'हात उठला नाही' हे बंकर हिलवर तरी साफ खोटं. विल्यमने समोरून, चढावर, रांगा करून हल्ला चढवला. दोनदा मागे रेटले गेले, तिसऱ्यांदा टेकडी घेतली. इंग्रजांचे २२६ मेले, ८२८ जखमी. चढाईतल्या लोकांपैकी जवळजवळ निम्मे. विल्यमच्या आजूबाजूचे अधिकारी एकामागून एक पडत होते आणि तो मधोमध उभा. मागच्या रांगेत बसून लढाई करणारा माणूस नव्हता तो.

प्रेम कसलं? बोलाचीच कढी. १७७४ च्या निवडणुकीत याने नॉटिंगहॅमच्या लोकांना सांगितलं होतं, की अमेरिकेत आपल्याच लोकांविरुद्ध लढायला मी जाणार नाही. सहा महिन्यांत बोटीत बसला. मतदार चिडले, तर म्हणे राजाची आज्ञा झाली, नाही कसं म्हणू!

फौजी आजोबा
बॉस्टनकर, हुकूम आल्यावर जाणं याला ढोंग म्हणत नाहीत. वर्दीतल्या माणसाला विचारा.

मी ३१ वर्षं पायदळात काढली. बंकर हिल हीच सगळ्याची किल्ली आहे असं माझं मत. एका दुपारी हजारावर माणसं गमावलेला सेनापती पुढच्या मोर्चाबंदीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला नकाशा दिसत नाही, ती टेकडी दिसते. आता लाँग आयलंड बघा. २७ ऑगस्ट १७७६. विल्यमने रात्रीत जमैका खिंडीतून वळसा घालून वॉशिंग्टनची डावी बाजू मोडली. सुरेख चाल होती. अमेरिकन फौज ब्रुकलिनच्या मोर्चांत कोंडली गेली, मागे पाणी. शिपाई पुढे धावायला उतावीळ. आणि विल्यमने त्यांना थांबवून खंदक खणायला सांगितलं, रीतसर वेढ्यासारखे. ३० तारखेच्या पहाटेपर्यंत वॉशिंग्टन सुमारे ९ हजार माणसं होड्यांतून पलीकडे घेऊन गेला.

दया नव्हती ती. हिशोब होता. इंग्लंडचा शिपाई तीन हजार मैलांवरून, महिना-दोन महिने बोटीत कोंबून आणायचा. मेला तर बदली कुठून आणणार? १७७९ मध्ये संसदेसमोर त्याने स्वतः हेच सांगितलं: मोर्चे असेही आमचेच होणार होते, थोड्या दिवसांत आणि स्वस्तात, मग माणसं का घालवू?

बॉस्टनकर
आजोबा, आदर आहे. पण 'असेही आमचेच होणार होते' म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी रिकामे मोर्चे आले ना!

दर्यावर्दी
सगळे जमिनीवर भांडताय. पाण्यावर काय होतं ते कोणी विचारत नाही.

लाँग आयलंडच्या वेळी रिचर्डचं आरमार खाली बंदरात. प्रश्न नेहमी हा, की ईस्ट रिव्हरमध्ये चार लढाऊ जहाजं नेऊन उभी केली असती तर वॉशिंग्टनच्या होड्या निघाल्याच नसत्या. बरोबर. पण ईस्ट रिव्हर नावापुरती नदी, खरं म्हणजे ती समुद्राची पट्टी, भरती-ओहोटीला उलटसुलट धावणारी. आणि त्या दिवसांत वारा ईशान्येचा, म्हणजे थेट तोंडावर. शिडाचं मोठं जहाज अरुंद पाण्यात वाऱ्याच्या तोंडावर ओहोटी असताना वर चढत नाही. मी २२ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, इंजिन असूनही अशा जागी घाम फुटतो. त्यात पहाटे धुकं उतरलं. वॉशिंग्टनचं नशीब म्हणा, पण त्या नशिबाला होड्या वल्हवणारे मार्बलहेडचे कोळी लागले. भंडारी-कोळी फौजेत असले की काय होतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको.

प्राजक्ता ७१
@दर्यावर्दी, रिचर्डबद्दल अजून लिहा ना. इथे सगळे विल्यमलाच धोपटत आहेत.

दर्यावर्दी
घ्या मग. चहा संपेपर्यंत लिहितो.

रिचर्ड हाऊ, जन्म १७२६. चौदाव्या वर्षी बोटीवर. ॲन्सन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची पृथ्वीप्रदक्षिणा निघाली १७४० साली, त्यातल्या 'सेव्हर्न' जहाजावर हा होता. केप हॉर्नच्या वादळात 'सेव्हर्न'ची दैना झाली आणि ती परत फिरली. पोरवयात असा समुद्र बघितला की माणूस एकतर किनाऱ्यावर दुकान टाकतो, नाहीतर कायमचा दर्याचा होतो.

१७५५ मध्ये याच्या 'डंकर्क' जहाजाने फ्रेंचांचं 'आल्सिद' पकडलं. तेव्हा युद्ध जाहीरसुद्धा झालं नव्हतं. १७५९ मध्ये किबरॉनच्या उपसागरात वादळात, खडकांमध्ये, फ्रेंच आरमाराचा पाठलाग झाला, त्यात हा 'मॅग्नानिम'वर सगळ्यात पुढे. खलाशी याला 'ब्लॅक डिक' म्हणत. काळा डिक. त्या काळच्या हॉरेस वॉलपोल या लेखकाने म्हटलंय, की खडकासारखा निडर आणि तितकाच मुका. आमच्या एका कप्तानाची आठवण झाली. अख्ख्या सफरीत तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक 'मीठ द्या'.

याचं खरं काम मात्र लढाईचं नाही, झेंड्यांचं. जहाजाजहाजांत बोलायची निशाणांची पद्धत याने नीट लावली. त्याआधी निशाणाचा अर्थ झेंडा कुठल्या डोलकाठीवर आहे यावर ठरायचा. याने झेंड्यांना आकडे दिले, आकड्यांना पुस्तकात अर्थ दिले. नेल्सनच्या काळात जे सराईतपणे चाललं त्याचा पाया हा.

मीच ती
'मीठ द्या' 😂😂

प्राजक्ता ७१
आता मी एक गोष्ट सांगते, कारण तिन्ही भावांमध्ये बहिणीला सगळे विसरतात.

थोरली बहीण कॅरोलाइन हाऊ. लंडनमध्ये ग्राफ्टन स्ट्रीटवर राहायची, हुशार, गणितात गती, आणि बुद्धिबळ जोरात. डिसेंबर १७७४ मध्ये तिने बेंजामिन फ्रँकलिनला बुद्धिबळाला बोलावलं. फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये वसाहतींचा वकील म्हणून होता आणि सरकारच्या नजरेतून पुरता उतरलेला. दोन-चार डाव झाले. मग नाताळच्या संध्याकाळी तिने म्हटलं, माझे भाऊ लॉर्ड हाऊ तुम्हाला भेटू इच्छितात, बोलावू का? डाव कशासाठी मांडला होता ते तेव्हा फ्रँकलिनला कळलं. पडद्याआड काही आठवडे समझोत्याची बोलणी चालली. जमली नाहीत. मार्चमध्ये घरी परतताना बोटीवर फ्रँकलिनने हे सगळं लिहून काढलं.

म्हणजे रिचर्ड १७७६ मध्ये अमेरिकेला गेला तो नुसता ॲडमिरल म्हणून नाही. दोघे भाऊ राजाचे 'शांतता आयुक्त' पण होते. एका हातात तोफ, दुसऱ्या हातात माफीनामा.

चिवडावाला
काकू, चेकमेट. पण एक शंका. माफीनामा घेऊन ३२ हजारांची फौज कोण नेतं? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पण थकबाकीवाल्याकडे एवढी माणसं नेत नाहीत.

उंटावरचा शहाणा
@चिवडावाला, त्यातली गंमत ऐका. जुलै १७७६ मध्ये रिचर्डने वॉशिंग्टनला पत्र पाठवलं. पत्त्यावर 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर', म्हणजे नुसते श्रीयुत. जनरल म्हणायचं तर बंडखोरांची फौज मान्य केल्यासारखं होतं. वॉशिंग्टनच्या माणसांनी सांगितलं, या नावाचे कोणी गृहस्थ आमच्या छावणीत नाहीत. पत्र परत. मग दुसऱ्या पत्रावर नावापुढे 'वगैरे वगैरे' जोडलं. आणणारा अधिकारी म्हणाला, 'वगैरे'त सगळं आलं. वॉशिंग्टन म्हणाला, सगळं येतं हे खरं, आणि वाट्टेल तेही येतं. तेही पत्र घेतलं नाही.

मीच ती
लग्नपत्रिकेत आत्याबाईंच्या यजमानांचं नाव 'व इतर'मध्ये गेलं होतं तेव्हा आमच्याकडे असंच झालं होतं. त्यांनीही आहेर घेतला नाही.

फौजी आजोबा
बॉस्टनकर, सगळं विल्यमच्या माथी मारू नका, पण १७७७ बद्दल मीही त्याची बाजू घेणार नाही. दुसरा इंग्रज सेनापती बर्गॉइन कॅनडातून हडसनच्या खोऱ्यात उतरत होता, ऑल्बनीकडे. विल्यमने न्यूयॉर्कहून वर सरकून त्याला हात द्यावा अशी कोणाचीही अपेक्षा. हा गेला फिलाडेल्फियाला. तेही समुद्रातून!

दर्यावर्दी
तो प्रवास आठवला की मला अजून राग येतो. २३ जुलैला निघाले, अडीचशेहून जास्त जहाजं. २५ ऑगस्टला चेसापीक खाडीच्या टोकाला उतरले. न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. महिनाभर उन्हात बोटीत राहून उतरले कुठे, तर पुन्हा चालत जावं लागेल इतक्या लांब. घोडे तळमळून मेले. पुण्याहून मुंबईला निघालेल्याने गोव्याला वळसा घालून रत्नागिरीत उतरावं तसं.

फौजी आजोबा
आणि गंमत म्हणजे त्यानंतर ११ सप्टेंबरला ब्रँडिवाइनवर पुन्हा तीच लाँग आयलंडची चाल. समोर थोडी फौज गुंतवून ठेवायची आणि वळसा घालून बाजूने घुसायचं. वॉशिंग्टन पुन्हा फसला, पुन्हा निसटला. २६ सप्टेंबरला फिलाडेल्फिया हातात. १७ ऑक्टोबरला तिकडे साराटोगाला बर्गॉइनची शरणागती. त्या शरणागतीमुळे फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरला. शहर मिळवलं, युद्ध घालवलं. लंडनच्या मंत्र्यांनी, म्हणजे जर्मेनने, दोघांच्याही योजनांना मान डोलावली होती हेही लिहायला हवं. वरून दोन हुकूम एकमेकांना काटणारे आले की खालचा आपल्याला सोयीचा तो वाचतो.

चिवडावाला
फिलाडेल्फियावरून आठवलं, कुत्र्याची गोष्ट कोणीच कशी सांगितली नाही? ४ ऑक्टोबरला जर्मनटाउनची लढाई झाली. नंतर अमेरिकन छावणीत एक कुत्रा भटकताना सापडला. पट्ट्यावर नाव: जनरल हाऊ. वॉशिंग्टनने चिठ्ठीसकट परत पाठवला, की आपला श्वान चुकून आमच्या हाती लागला, पट्ट्यावरून आपला वाटतो, परत करण्यात आनंद आहे. चिठ्ठीचा मसुदा ॲलेक्झांडर हॅमिल्टनच्या अक्षरात अजून जपून ठेवलाय.

म्हणजे हाऊला वॉशिंग्टन सापडला नाही, पण वॉशिंग्टनला हाऊचा कुत्रा सापडला.

मीच ती
कुत्रा बातम्या देऊन आला असेल का 🤔

बॉस्टनकर
कुत्रा तरी इमानी होता. हिवाळाभर फिलाडेल्फियात मेजवान्या, पत्ते, नाटकं. कैद्यांची व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्याची बायको मिसेस लोरिंग हिच्यावरून तर अमेरिकनांनी विडंबनकाव्य केलं. आणि विल्यमचा राजीनामा मंजूर होऊन निघायची वेळ आली तेव्हा १८ मे १७७८ ला अधिकाऱ्यांनी 'मिस्कियांझा' नावाचा निरोप समारंभ केला. नदीवर सजवलेल्या नावा, मध्ययुगीन सरदारांच्या लुटुपुटूच्या लढती, फटाके, मेजवानी. बरोबर एक महिन्याने इंग्रजांनी ते शहर सोडून दिलं.

चिवडावाला
प्रोजेक्ट बुडालं की सेंडऑफचा केक मोठा आणतात, अनुभव आहे.

शनिवारवाडा
माफ करा, पण आपल्याकडे साक्षात बाजीराव-चिमाजी असताना या गोऱ्या भावांची आरती कशाला? आणि भावांवरच लिहायचं तर वेलस्ली लिहा, ज्यांनी आपलं राज्य घेतलं.

उंटावरचा शहाणा
आरती कुठे दिसली? वेलस्लींचा वेगळा धागा काढा, अहमदनगर, असई सगळं येईल. ते १८०३, इथे अठरावं शतक चाललंय.

पण तुम्ही आलाच आहात तर आपल्या इतिहासाला जोडणारा धागा सांगतो, ओढून ताणून नाही. लाँग आयलंड आणि ब्रँडिवाइन, दोन्ही ठिकाणी वळसा घालणाऱ्या तुकडीत विल्यम हाऊच्या हाताखाली कोण होता? चार्ल्स कॉर्नवॉलिस. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला. तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. टिपूवरच्या मोहिमेत १७९१-९२ ला श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्या सोबत होते तो हाच. त्याचा धाकटा भाऊ विल्यम कॉर्नवॉलिस त्याच वर्षांत हिंदी महासागरात इंग्रज आरमाराचा प्रमुख. म्हणजे एक भाऊ फौजेत, एक आरमारात, हा त्या घराण्यांचा साचाच होता.

आणि संसदेत हाऊ बंधूंच्या कारभाराची चौकशी १७७९ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला कंपनीच्या फौजेने तह लिहून दिला होता. वडगावच्या सेनापतींना कंपनीने काढून टाकलं. हाऊ बंधूंची चौकशी काही निष्कर्ष न निघता बारगळली. मागचं दार उघडं असण्याचे फायदे.

शनिवारवाडा
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मी वाचत बसतो.

मीच ती
एक बाळबोध प्रश्न. धाकटे सगळे फौजेतच का जायचे?

उंटावरचा शहाणा
बाळबोध नाही. जमीन आणि किताब सगळा थोरल्याचा. वाटण्या नाहीत. धाकट्यांनी फौज, आरमार, चर्च किंवा वकिली धरायची. पायदळात हुद्दे विकत मिळायचे. १७६६ च्या सरकारी दरपत्रकात एन्साइनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याचा, हुद्दा ४०० पौंड, लेफ्टनंट कर्नलचा ३,५००. आरमारात विकत मिळत नसे. तिथे सहा वर्षं समुद्रावर काढून परीक्षा द्यावी लागे, आणि मग वशिला. म्हणून आरमारातले उमराव निदान नांगर कुठला हे ओळखायचे.

परतावा कसा मिळायचा? हवाना, १७६२. केपेल घराण्याचे तीन भाऊ एकाच मोहिमेत. थोरला अर्ल ऑफ आल्बमार्ल फौजेचा प्रमुख, ऑगस्टस आरमारात दुसऱ्या क्रमांकावर, धाकटा विल्यम मोरो किल्ल्यावर चढाई करणारा. आपला विल्यम हाऊ पण तिथे ॲडज्युटंट जनरल होता. लुटीच्या वाटणीत आल्बमार्लला १ लाख २२ हजार पौंडांहून जास्त मिळाले. साध्या शिपायाला चार पौंड. तापाने मेलेल्यांची तर गणतीच नाही.

फौजी आजोबा
चार पौंड. हं.

गोदाकाठ
मंडळी, दोन दिवस लेक मला कुठे कुठे फिरवत होती, आज सगळं एका बैठकीत वाचलं. केवढं लिहिलंत! पण माझा थोरला जॉर्ज मागेच राहिला. मॅसॅच्युसेट्सने त्याच्यावर इतका जीव का टाकला?

फौजी आजोबा
कारण तो एकटा शिकायला तयार होता. इतर इंग्रज अधिकारी वसाहतीच्या लोकांना गावंढळ समजायचे. जॉर्ज हा रॉबर्ट रॉजर्सच्या रेंजर्सबरोबर, म्हणजे वसाहतीतल्या जंगल-लढवय्यांबरोबर, जंगलात जाऊन राहिला, त्यांच्याकडून शिकला आणि आल्यावर सगळी फौज बदलली. लांब कोट कापले. केस कापले. बंदुकीच्या नळ्या चमकू नयेत म्हणून काळपट केल्या. अधिकाऱ्यांचं सामान कमी, स्वतःचं आधी. असं सांगतात, की याने अधिकाऱ्यांना तंबूत जेवायला बोलावलं. बसायला ओंडके, अंथरायला अस्वलाचं कातडं. भांड्यात जेवण आलं, काटा-सुरी नाही. याने खिशातून म्यानातली आपली काढली आणि विचारलं, अरे, तुमची नाहीत? मग प्रत्येकाला एकेक जोडी दिली.

६ जुलैला जंगलात पहिल्याच चकमकीत गोळी लागून गेला. दोन दिवसांनी त्या फौजेचा प्रमुख ॲबरक्रॉम्बीने, सुमारे १५ हजार फौज हाताशी असताना, सुमारे साडेतीन हजार फ्रेंचांच्या झाडं आडवी टाकलेल्या मोर्च्यावर समोरून हल्ले केले. दोन हजारांच्या आसपास मेले आणि जखमी झाले. जॉर्ज असता तर हे झालं नसतं असं त्या फौजेतलेच म्हणायचे. इंग्रज सेनापती वुल्फ सहसा कोणाची स्तुती करत नसे, पण त्याच्या लेखी जॉर्ज हा फौजेतला सर्वोत्तम सैनिक. आणि पुढच्या वर्षी त्याच वुल्फच्या हाताखाली, क्वेबेकला रात्री कडा चढून जाणाऱ्या पहिल्या तुकडीचा म्होरक्या होता विल्यम. तेव्हाचा विल्यम वेगळा होता हो. बंकर हिलच्या आधीचा.

बॉस्टनकर
यात एक भर. मार्च १७७६ मध्ये विल्यमला बॉस्टन सोडावं लागलं ते डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर तोफा चढल्या म्हणून. हेन्री नॉक्सने त्या तोफा भर हिवाळ्यात बर्फावरून ओढत आणल्या होत्या, टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यातून.

गोदाकाठ
अरे देवा.

प्राजक्ता ७१
आणि गोदाकाठ काका, तुमच्या मूळ प्रश्नाचं जवळात जवळचं उत्तर रिचर्डच्याच तोंडी आहे. ११ सप्टेंबर १७७६, स्टेटन आयलंड. लाँग आयलंडची लढाई नुकतीच झालेली. फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज बोलणी करायला आले. रिचर्डने मॅसॅच्युसेट्सने भावाचा केलेला मान आवर्जून काढला. म्हणाला, अमेरिकेबद्दल मला भावासारखं वाटतं, ती पडली तर भाऊ गेल्यासारखं दुःख होईल. फ्रँकलिनने वाकून, हसून उत्तर दिलं, की लॉर्डसाहेब, आपल्याला ते दुःख होऊ नये म्हणून आम्ही पराकाष्ठा करू.

तीन तास बोलले. निष्पन्न काही नाही. स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्या, मग माफी, एवढंच देण्याजोगं रिचर्डकडे होतं.

मला वाटतं त्याचं दुःख खरं होतं. तुम्ही मुद्दाम सोडलं का विचारता, तर नाही. पण 'एक जोरदार फटका, मग ते समजुतीला येतील' असं दोघांना मनापासून वाटत होतं. म्हणून दर फटक्यानंतर ते थांबून वाट बघायचे. समोरचे यायचेच नाहीत.

फौजी आजोबा
प्राजक्ताताई, तुमचं आणि माझं दोन्ही मिळून बरोबर असेल. हिशोब पण, आशा पण.

बॉस्टनकर
मी अजून 'आळस' या मतावर ठाम आहे. नोंद असावी.

दर्यावर्दी
रिचर्डचा शेवट सांगतो आणि नांगर टाकतो. १ जून १७९४, वय ६८, अटलांटिकमध्ये किनाऱ्यापासून फार दूर, फ्रेंच आरमाराशी गाठ. याचा बेत असा, की प्रत्येक जहाजाने समोरच्या रांगेतून आरपार घुसायचं. सात-आठ जहाजांनाच जमलं, तरी सहा फ्रेंच जहाजं पकडली, एक बुडालं. इंग्लंडमध्ये दिवाळी. पण फ्रेंच ज्याच्यासाठी लढत होते तो अमेरिकेहून येणारा धान्याच्या जहाजांचा तांडा सुखरूप फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराला पोचला. बघा, धाकट्यासारखंच, लढाई जिंकली आणि हवं होतं ते निसटलं.

१७९७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्पिटहेडला आरमारातल्या खलाशांनी बंड केलं तेव्हा सरकारने या ७१ वर्षांच्या, संधिवाताने अडलेल्या म्हाताऱ्याला पाठवलं. एकेका जहाजावर जाऊन बोलला, राजाचा माफीनामा दिला, छळणारे अधिकारी काढले. शेवटी खलाशांनी खांद्यावर उचलून मिरवला. माफीनामा घेऊन गेलेला माणूस एकदा तरी यशस्वी झाला.

१७९९ ला गेला. मुलगा नव्हता, तीन मुली. आयरिश किताब विल्यमकडे आला, १८१४ मध्ये तोही निपुत्रिक गेला आणि तो किताब संपला.

उंटावरचा शहाणा
थोरल्या मुलीचं लग्न कर्झन घराण्यात झालं. हो, त्याच, आपल्या वंगभंगवाल्या कर्झनच्या घराण्याची दुसरी शाखा. जग लहान आहे.

आणि चौथा भाऊ टॉमस विसरू नका. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान. त्याच्यावर कोणी स्मारक बांधलं नाही, चौकशीही लावली नाही. सुखी माणूस.

हडसनकाठ
नवीन सदस्य आहे, आजवर नुसता वाचत होतो. ऑल्बनीपासून तासाभरावर राहतो. जॉर्ज हाऊला तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये पुरलं असं मानतात. धागा वाचून शनिवारी मुद्दाम बायकोला घेऊन गेलो. चर्च बंद होतं. बाहेरून फोटो काढलाय, बायको पण आहे त्यात, रागावलेली. इथे फोटो टाकायचा कसा?

चिवडावाला
हाऊ?

मीच ती
कोणीतरी याला आवरा.

गोदाकाठ
@हडसनकाठ, खालच्या चौकटीत चित्राची खूण आहे, तिच्यावर टिचकी मारा. मला परवाच लेकीने शिकवलं. फोटोची वाट बघतो. वहिनींना नमस्कार सांगा.